इंग्रजीतलं गाऱ्हाणं

केरकर बाई विचारात पडल्या की हातातला खडू दातांवर टकटक वाजवत. त्यामुळे शाळा सुटून घरी येईपर्यंत त्यांचे ओठ पांढरे झालेले असत. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "इंग्रजीची बाई खडू खाता. म्हणानच तिका इंग्रजी येता." बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे पदरानं ओठ पुसले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या आमच्या अंगणात, खळ्यात, पाऊल टाकण्याआधी बेड्याच्या फाटकाशी थांबत, ओठ पुसत आणि मग आत येत. कुणी हसलेलं त्यांना सोसत नसे. एरवी त्या कुणाला भीत नव्हत्या. पाटलाला नाही, शाळेच्या कमिटीला नाही, आमच्या आबांनाही नाही.

महाराष्ट्राचं नवं राज्य झालं त्या सुमाराला त्या आमच्या गावात आल्या. मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. नवीन हायस्कूल निघालं होतं आणि इंग्रजी तेव्हा आठवीपासून शिकवत. बाईमाणूस एकटी कुठे राहणार, म्हणून कमिटीनं आबांना विचारलं. आबा म्हणजे माझे सासरे. माझे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचे. घरात आबा आणि मी. पडवीतली खोली बाईंना दिली, आणि मला जन्मात पहिल्यांदा संध्याकाळी बोलायला कुणीतरी मिळालं. बोलायच्या त्याच. मी ऐकायची. मला चार माणसांत बोलता येत नाही, दोन माणसांतही फारसं नाही.

बाई मूळच्या आरोंद्याच्या. शाळेत पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. चुलीपुढे बसल्या की आरोंद्याची भाषा सुटायची, त्यात गोव्याकडचे शब्द. सकाळी माझ्याबरोबर उकडी पेज प्यायच्या, खारातल्या आंब्याबरोबर, अगदी आवाज करून. पण शाळेतलं कुणी हाक मारत आलं की वाडगा फळीखाली जायचा. "बीए झालेली बाई पेज पिता म्हटल्यार काय म्हणतले?" असं मला विचारायच्या. मी म्हणायची, "ते पण पेजच पितत, बाई." ते त्यांना पटायचं, पण वाडगा फळीखालीच राहायचा.

कोंबड्यांशी मात्र त्या इंग्रजीत बोलत. "कम हियर, यू थीफ!" म्हटलं की आमचा तांबडा कोंबडा खरोखर मान वाकडी करून बघायचा. आबा ओटीवरून ओरडायचे, "बाई, त्या कोंब्याक सायब करू नको गो! उद्या माका आरवून दाखवचो नाय!"

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ज्याला काही मागायचं असतं, त्याला भाषा येते." ते त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ते सापडलं आमच्या देवळात.

पहिलं अर्धं वर्ष त्यांच्या वर्गात कुणी तोंड उघडत नव्हतं. सरकारनं चित्रांचे तक्ते दिले होते. चित्रातला मुलगा दारातून आत येई, बाहेर जाई, पुस्तक टेबलावर ठेवी, परत उचली. बाई तसं करून दाखवायच्या. दारातून आत यायच्या, बाहेर जायच्या. मुलं बघत राहायची. "वैनी, मी सगळ्या दिवसात दारातून आत-भायर करतंय. दाराक इंग्रजी इला असात, पोरांक नाय," असं म्हणत त्या पाय चोळत बसायच्या.

मग देवळात समाराधना झाली. आबा गावचे मानकरी, गावाच्या वतीनं देवाकडे मागणं मागायचा, गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. आबांनी हात जोडून आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! आज जी काय ही लेकरां तुज्या पायाशी जमली हत, त्यांची राखण कर रे म्हाराजा!" आणि सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" बायकांच्या बाजूला बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. आमच्या पुढे शेवंती होती. जानकी मासेवालीची ही मुलगी. किनाऱ्यावरून आठवीला आलेली ती एकटीच. बाई स्वतः वाळूत उभ्या राहून, जाळं ओढणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकून घेऊन, तिला शाळेत घेऊन आल्या होत्या. वर्गात तिनं कधी ओठ हलवला नव्हता. देवळात ती असं ओरडत होती की पुढच्या म्हातारीनं कानावर हात ठेवला.

बाईंनी माझा दंड धरला. "वैनी, आयकलंस? हीच ती मुकी!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गात इंग्रजीतून गाऱ्हाणं सुरू केलं. पहिल्यांदा स्वतः घातलं, मग एकेका मुलाला मानकरी केलं. मानकऱ्यानं आपल्याला हवं ते मागायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. येत नसेल तो शब्द बाईंना विचारायचा. शाळा आमच्या मांगराच्या, मागच्या खोपटाच्या, पलीकडेच, सगळं ऐकू यायचं. मला अर्थ कळत नसे, बाई संध्याकाळी सांगायच्या. "लेट माय फादर कम फ्रॉम बॉम्बे!" "येस म्हाराजा!" "लेट द मास्टर फॉरगेट द स्टिक!" "येस म्हाराजा!" शेवंतीचं पहिलं गाऱ्हाणं असं होतं: "माय मदर सेल्स फिश. शी इज अँग्री. सेल ऑल द फिश, म्हाराजा!" त्या दिवशी बाई घरी आल्या त्या धावतच. ओठ पुसायला बेड्याशी थांबल्या नाहीत.

गावात कुजबूज झालीच. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, देवळात घालायचं. ही बाईमाणूस, शाळेत, तेही सायबाच्या भाषेत. कुणीतरी आबांचे कान भरले. आबांनी बाईंना ओटीवर बोलावलं. मी दाराआड.

"गो बाई, देवाक इंग्रजी कळता काय?"

"देवाक सगळा कळता, आबा. माणसांकच कळणा नाय, म्हणान शिकवतंय."

आबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "देवाचा नाव घेव नको. नुसता म्हाराजा म्हण. म्हाराजा कोण ता कोणाक कळाचा नाय." आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि 'झील बोटीवरसून सुखरूप घराक येवंदे' ह्याका इंग्रजीत काय म्हणतत?"

बाईंनी सांगितलं. आपल्या मुलासाठी आबांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. त्यांना ते कधीच जमलं नाही, पण कुजबूज थांबली.

पुढच्या वर्षी तपासणीचे साहेब आले. त्यांनी वर्ग पाहिला, आधी चक्रावले, मग खुर्चीत पुढे सरकून ऐकत बसले. जाताना बाईंना म्हणाले, मालवणात इंग्रजी शिकवणाऱ्यांची परिषद भरणार आहे, मोठमोठे प्राध्यापक येणार आहेत, तुम्ही हे तिथे सांगा. मुलींना घेऊन या, करून दाखवा. परिषदेतून एका शिक्षकाला निवडून वर्षभर मुंबईला शिकायला पाठवणार होते, तेही त्यांनी सांगितलं.

बाईंनी महिनाभर भाषण लिहिलं. माझ्यापुढे उभ्या राहून म्हणायच्या, मी तांदूळ निवडत असायची. एकेका वाक्याचा अर्थ सांगायच्या. ऐकून ऐकून ते मला पाठ झालं. मला इंग्रजी येत नव्हतं, आजही येत नाही. पण कुठे आवाज वर जातो, कुठे थांबायचं, कुठल्या शब्दाला त्या बोट उचलतात, हे सगळं मला ठाऊक होतं. सुरुवात अशी होती: "फ्रेंड्स, आय कम फ्रॉम अ व्हिलेज व्हेअर पीपल नो हाऊ टु आस्क." मी अशा गावाहून आले आहे, जिथल्या लोकांना मागायचं कसं हे कळतं. शेवटाकडे त्या "माय गर्ल्स" म्हणणार, तेव्हा मुलींनी उभं राहायचं, आणि शेवंतीनं पाहुण्यांसाठी गाऱ्हाणं घालायचं.

चार मुली जायच्या म्हणून सोबतीला मला घेतलं. होडीतून खाडी ओलांडताना बाई नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसल्या. खाडीकाठी जन्मलेली बाई पाण्याला भ्यायची. शेवंती त्यांचा हात धरून होती आणि "आता अर्ध्यात इलों, बाई. आता थोडाच ऱ्हवला," असं सांगत होती.

परिषद एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होती. टेबलावर हिरवा कपडा, भिंतीवर तक्ते, कोटातली माणसं. बायका चारपाच. तपासणीचे साहेब आले नव्हते, त्यांची बदली झाली होती. मुली पुढच्या बाकावर बसल्या, मी मागे पाण्याच्या हंड्यापाशी.

बाईंच्या आधी मुंबईचे एक प्राध्यापक बोलले. सडपातळ, हसतमुख, गोड गळ्याचे. काय बोलतात ते मला कळत नव्हतं, पण माणसं खूश होऊन ऐकत होती. मध्येच त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मान हलवत, टाळ्या वाजवत कसलीशी घोकंपट्टी केल्यासारखं करून दाखवलं. मराठीत दोनच शब्द म्हणाले, "पोपट" आणि "देवळातली आरती." सभागृह हसून लोटपोट झालं. असं शिकवू नये, असं सांगत होते हे मलासुद्धा समजलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदरानं ओठ पुसले.

मग त्यांचं नाव पुकारलं. बाई उभ्या राहिल्या. "फ्रेंड्स," त्या म्हणाल्या, "आय कम फ्रॉम अ व्हिलेज." आणि थांबल्या. तिथे थांबायचं नव्हतं. प्राध्यापक पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघून हसत होते, चांगलंच हसत होते, धीर देण्यासाठी. बाईंनी हातातले कागद मिटले. आणि पुढे जे बोलल्या ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं. आवाज नको तिथे वर जात होता. बोट एकदाही उचललं नाही. त्या सभागृहात त्यांचं खरं भाषण ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि मला एक शब्द समजत नव्हता.

तरी बोलता बोलता त्यांच्या तोंडून "माय गर्ल्स" निघून गेलंच.

चौघी उभ्या राहिल्या. शेवंतीनं हात जोडले. "ओ म्हाराजा! दीज गुड पीपल हॅव कम फ्रॉम फार!"

"येस म्हाराजा!"

"गिव्ह देम गुड फिश!"

हसण्याची लाटच आली. शेवंतीला वाटलं, पाहुणे खूश झाले. तिनं आवाज आणखी चढवला, "लेट देम गो होम सेफ!" पण बाकीच्या तिघींना काहीतरी कळलं होतं. "येस म्हाराजा" म्हणणारा आवाज यावेळी तिचा एकटीचाच होता.

प्राध्यापक डोळे पुसत होते. आणि बाई हसत होत्या. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारख्या. हसत हसत त्यांनी मुलींकडे हात केला, बाजारात नासलेला माल दाखवतात तसा, आणि एक वाक्य बोलल्या. टाळ्या पडल्या. मग त्यांनी त्याच हातानं मुलींना बसायची खूण केली.

मी मान खाली घातली. मला लाज वाटली. बाईंची, मुलींची, की हे सगळं दिसेल अशा जागी मी बसले होते त्याची, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. एखादं मोठं माणूस घसरून पडावं आणि त्यानं उठताना आपल्याकडे बघावं, तसं झालं. बाईंनी माझ्याकडे बघितलं होतं.

जेवणाच्या वेळी सावंतवाडीकडचे एक म्हातारे मास्तर मुलींपाशी आले. ते हसले नव्हते, मी पाहिलं होतं. त्यांनी शेवंतीच्या डोक्यावर हात ठेवला.

"इतके स्वच्छ उच्चार! आणि भीती म्हणून नाय. कोणी शिकवल्यान गो तुका?"

बाई हातभर अंतरावर प्राध्यापकांशी बोलत उभ्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं. शेवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"कोणी नाय," ती म्हणाली. "आमीच आमचा शिकलों."

बाईंनी तोंड फिरवलं.

परतताना मुलींना त्यांनी खाजं घेऊन दिलं. होडीत ते कुणी खाल्लं नाही. धाकट्या कुसुमनं विचारलं, "बाई, आमी खंय चुकलों?" शेवंतीनं तिला कोपरानं ढोसलं, "गप ऱ्हव गो." बाई त्या दिवशी डोळे उघडे ठेवून पाण्याकडे बघत होत्या. पैलतीर येईपर्यंत त्यांचा हात कुणी धरला नाही.

ओटीवर आबा वाट बघत होते. "काय गो? सायब खूश झाले?"

"झाले, आबा."

"मगे! मी म्हटलंय नाय? आमच्या गाऱ्हाण्याक नाय म्हणूची कोणाची छाती आसा?"

बाई खोलीत गेल्या आणि कडी लावली.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्या चुलीपुढे येऊन बसल्या. "वैनी, तुका सगळा कळला मां?"

"माका इंग्रजी खंय येता, बाई?"

"भाषण तुका पाठ होता."

मग टाळ्या मिळालेलं ते वाक्य त्यांनी मला मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "पाहिलंत ना, ही खेड्यातली सवय मोडायला मला अजून किती मेहनत करायची आहे!" सांगून झाल्यावर बराच वेळ त्या लाकडं आत सारत राहिल्या. गरज नव्हती, भात कधीच झाला होता. "ते माका हसतले म्हणान मीयाच आदी हसलंय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पानात भात वाढला.

पुढच्या आठवड्यात जानकी मासे घेऊन दारात आली, शेवंती तिच्याबरोबर. जानकी टोपली उतरवायच्या आधीच सुरू झाली, "वैनी, आयकलंस? तुमच्या बाईन चेडवांची, ह्या आमच्या पोरींची, माफी मागल्यान! भर वर्गात! 'माझा चुकला' म्हणाली, आमच्या भाषेन! अशी मास्तरीण मी जल्मात बघूक नाय. माका तर बाई हसूकच इला."

"आये, हसा नको," शेवंती म्हणाली.

"मगे तुमी काय म्हणालांत तिका?"

"काय म्हणतलों? मान खाली घालून बसलों."

ते खरं असणार. शिक्षकानं माफी मागितली तर मुलांनी काय करायचं, हे कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. बाईंना वाटलं होतं, चूक कबूल केली की वर्ग पहिल्यासारखा होईल. त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं लावून पाहिलं. मांगराच्या पलीकडून मला त्यांचा एकटीचा आवाज ऐकू यायचा, आणि नंतर काहीच नाही. एकदा एका मुलानं सांगितलं, "नको बाई. लोक हसतत." ती हसण्यासारखी गोष्ट आहे हे आता मुलांना कळलं होतं, आणि कळलेलं परत घेता येत नाही. शेवटी बाईंनी तक्ते काढले. दारातून आत येणं आणि बाहेर जाणं पुन्हा सुरू झालं.

मुंबईला जायचं पत्र त्यांच्याच नावानं आलं. आबांनी गावभर साखर वाटली. बाईंनी नकार द्यायचा विचार केला होता, दोनदा माझ्याकडे बोलल्या. "न्हय म्हटल्यार कोणाचा भला होतला?" असं स्वतःच म्हणाल्या आणि स्वतःच पेटी भरली. मी त्यांना दोष देत नाही. पुढे ऐकलं की त्या मोठ्या झाल्या, दिल्लीपर्यंत अशा परिषदांना जातात, त्यांचं भाषण ऐकायला लोक जमतात. तिथे त्या काय सांगतात, मला ठाऊक नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मुंबईला निघाल्या त्या सकाळी. मे महिना, शाळेला सुट्टी. कणकवलीची एसटी आली. निरोपाला आबा, मी, कमिटीतले दोघे. बाईंना पुढची दोघांची सीट मिळाली, त्या खिडकीशी सरकल्या. गाडी सुटणार तेवढ्यात जानकी आणि शेवंती धावत आल्या. बाजाराचा दिवस होता. जानकीनं टोपल्या टपावर चढवल्या आणि आरडाओरडा करत मागे जाऊन बसली. शेवंती आत चढली ती नेमकी बाईंच्या पुढ्यात.

बाईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांनी शेजारच्या जागेवर हात आपटला. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, आरोंद्याच्या भाषेत म्हणाल्या, "शेवंते! ये गो बाय, हंय बस."

"नको, बाई."

"बस गो. जागा आसा."

"नको. तुमका वास येयत," शेवंती म्हणाली. रागानं नाही, अगदी आदरानं. आणि दांडा धरून तिथेच उभी राहिली.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. तेव्हा बाई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, सीटमधून बाहेर आल्या आणि शेवंतीच्या शेजारी तोच दांडा धरून उभ्या राहिल्या.

"बाई, बसा हो, सीट मोकळी आसा," कंडक्टर म्हणत होता. बाई बसल्या नाहीत. शेवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडी वळणाला लागेपर्यंत मला त्या दोघी तशाच दिसत होत्या, शेजारी शेजारी उभ्या, आणि पुढ्यात ती रिकामी सीट.